टाच टेकल्याचा आवाज

बाबांना अर्धांगवायू झाला, त्यानंतर ठाण्याहून एक इंजिनीअर दर शनिवारी डोंबिवलीला आमच्या खोलीवर यायचे. चालणं सुधारणारं यंत्र बनवत होते म्हणे. बाबांच्या दोन्ही चपलांच्या टाचेत त्यांनी बटणं बसवलेली आणि त्यांच्या वायरी कमरेच्या डबीला जोडलेल्या. टाच नीट टेकली की डबी टुक वाजायची. मला तो पोरखेळच वाटायचा. इंजिनीअर मात्र फरशीला गाल लावून आडवे पडायचे आणि ऐकत राहायचे. खोली एवढीशी, त्यामुळे बाबा चालायला लागले की आई पाय पोटाशी घ्यायची.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. एकदा चहा पिताना म्हणाले, "मला चेहरे लक्षात राहत नाहीत हो काकू, चाल राहते."

दुसऱ्या झटक्यात बाबा गेले. आमच्याकडे फोन कुठला! शनिवारी ते नेहमीसारखे आले आणि हार घातलेला फोटो बघून दारातच थबकले. आईने चपला आणि डबी आणून दिली. ते पिशवीत भरायला लागले, तशी म्हणाली, "एकदा वाजवा ना."

ते खाली बसले. समोर भिंतीला टेकून आईही बसली. त्यांनी अंगठ्याने उजवी टाच दाबली. टुक. मग थांबले, बाबा थांबायचे तेवढेच, आणि डावी दाबली. पुन्हा उजवी.

आईने पाय पोटाशी घेतले.