राजापेठेतला पुस्तकांचा शनिवार

आमच्या राजापेठेतल्या लायब्ररीत महिन्यातून एका शनिवारी पुस्तकावर चर्चा होते. यंदा मुस्लिम लेखकांच्या कथा, आठवणी, प्रवासवर्णनं, जे मराठीत मिळालं ते वाचलं. पुस्तकं केव्हाच परत गेली, किस्से मात्र माझ्याकडेच राहिले. एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतोच!

*

पहिल्याच दिवशी दारावर बोर्ड होता, ‘मुस्लिम संस्कृतींची ओळख’. वानखडे काका तिथंच अडले. रिटायर्ड हेडमास्तर ते!

"संस्कृती एकच असंन ना? मंग अनुस्वार काहून देल्ला?"

चर्चा घेणाऱ्या शबाना मॅडम कॉलेजात शिकवतात. त्या म्हणाल्या, "काका, मी केरळात एका मुसलमान बाईच्या घरी जेवली. तिची भाषा मले समजे ना, माझी तिले. अन् मटणात खोबरंच खोबरं! अनुस्वार राहू द्या."

राहिला.

*

एका इराणी कथेतला म्हातारा साखरेचा खडा दातात धरून कोरा चहा पितो. कुसुमताईंचं फुलांचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "नुसतं वाचून काय समजते? करून पाहू!"

खडीसाखर आली. सगळ्यांनी खडा दातात धरला. काकांनी जरा जोरात धरला, आणि कवळी थेट कपात!

ती काढून, पुसून, बसवून काकांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, इराणात कवळीवाले काय करतात?"

"पुढच्या पुस्तकात शोधू," मॅडम म्हणाल्या.

*

एकदा अकोल्याच्या वाचनालयानं आम्हाला बोलावलं. सुरुवातीलाच एक गृहस्थ उभे राहिले.

"मॅडम, मले उर्दू बिलकुल समजत नाई."

"बिलकुल?"

"बिलकुल! किताब दिसली का दिमाग बंद. हमेशा असंच होते!"

मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. "इतकी साफ उर्दू तं माह्या क्लासातही कोणी बोलत नाई!"

*

सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न शेवटी कॉलेजातल्या एका मुलीनं विचारला. "मॅडम, तुमी बुरखा काहून नाई घालत?"

आता काय होतं, म्हणून मीच टेबलावरची पुस्तकं उगाच सारखी करू लागलो.

मॅडम हसल्या. "माही बहीण घालते, मी नाई घालत. अन् आमच्या अम्मीले दोघींचंही पटत नाई!"

*

मग निकाहाची एक कथा आली. त्यात साक्षीदारांसमोर नवरीला विचारतात, कबूल आहे का? कुसुमताईंनी वाचणाऱ्याला थांबवलं.

"खरंच विचारतात? सगळ्याइसमोर?"

"विचाराच लागते," मॅडम म्हणाल्या. "आता पोरगी मनापासून हो म्हणते का घरच्याइच्या धाकानं, ते घरावर आहे. तुमच्याकडं जसं, तसंच."

कुसुमताईंनी ते पुस्तक त्या दिवशी घरी नेलं.

थोड्याच दिवसांनी त्यांच्या मुलीचं, मयूरीचं साक्षगंध होतं, चांदूर बाजारला. आम्ही सगळे गेलो. पाहुणे बसले, साखरपुड्याच्या अंगठ्यांचं ताट आलं, आणि कुसुमताई मधोमध उभ्या राहिल्या.

"थांबा! मयूरी, इतके दिवस आमीच बोलून राहिलो. तुले पोरगा पसंत आहे का? नसंन तं आताच सांग. मी आहे."

मयूरीच्या बाबांचा चेहरा उतरला. नवरदेव तर जमिनीकडेच बघत होता. शबाना मॅडमनी माझा हात घट्ट धरला.

मयूरीनं आईकडे पाहिलं, मग नवरदेवाकडे. "पसंत आहे," ती म्हणाली. "पण विचारलं, हे बरं केलं."

सगळ्यांनी श्वास सोडला. अंगठी पुढं होणार, इतक्यात नवरदेवाची आजी मागून कडाडली, "मले तं कोणीच नव्हतं विचारलं!"

लोक हसले. आजोबा नाही हसले. ते काठी टेकत उठले, टोपी सारखी केली, आजीसमोर जाऊन उभे राहिले.

"सांग मंग. पसंत आहे का?"

आजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"विचार करून सांगते!"