सुमीचा धुरा

कौसल्याबाई वॉकिंग ट्रॅकवर चपला काखेत धरून चालायच्या. आमच्या कॉलनीत सकाळी सगळे महागडे बूट घालून फेऱ्या मारत, आणि ही नऊवारीतली म्हातारी त्यांच्या मधून अनवाणी, खाली बघत, हळूहळू जायची. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, ही बातमी माझ्या सामानाच्या आधीच कॉलनीत पोचली असावी. कारण पहिल्याच दिवशी मला अडवून त्या म्हणाल्या, "काहून पयता जी मास्तरीनबाई? मांगं कोनी लागलं काय?" मी पळत नव्हते, नुसती चालत होते. पण त्यांच्या लेखी आम्ही सगळेच पळत होतो.

ही कॉलनी परतवाड्याबाहेर, चिखलदऱ्याच्या रस्त्याला. समोर डोंगर, मधे बाग, आणि चहूबाजूंनी फिरायला मातीचा ट्रॅक. या हवेसाठी आम्ही अमरावतीचं घर सोडून इथे आलो. जमीन मात्र पूर्वीची कौसल्याबाईंची. कपाशी हाती लागेना तेव्हा आजूबाजूच्या पुष्कळांनी वावरं विकली, तशी त्यांच्या मालकांनीही, म्हणजे नवऱ्याने, विकून टाकली. सौद्यात एक प्लॉट मिळाला. त्यावर दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि मालक गेले. मुलगा प्रकाश अकोल्याला नोकरीत.

कॉलनीला त्या कधीच कॉलनी म्हणाल्या नाहीत. बाग म्हणजे पानबसन, कारण तिथे पावसाचं पाणी साचायचं. क्लब हाऊस म्हणजे खळं. ट्रॅक म्हणजे धुरा, वावराच्या कडेचा बांध. एकदा पार्सलवाल्याने पत्ता विचारला, तर म्हणाल्या, "पऱ्हाटीतून सरका जा, खयापाशी वया." तो बिचारा उन्हात कपाशी शोधत हिंडला. रविवारी गाड्या काढून चिखलदऱ्याला निघालेल्या लोकांना त्या फाटकाशी गाठायच्या. "पहाड काय पयून रायला? उद्या पाहासान." बाई असूनही 'मी जातो, मी येतो' असं बोलायच्या. आमच्या वऱ्हाडात बायका तशाच बोलतात, पण पुण्याहून आलेल्या शेजारणीला त्याचं फार हसू यायचं.

पावसाळ्यात ट्रॅकवर चिखल होतो म्हणून कमिटीने तिथे गट्टू बसवायचं ठरवलं. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे ठोकळे. क्लब हाऊसमधल्या मीटिंगला कौसल्याबाई कधी येत नसत, त्या दिवशी आल्या. पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गट्टू नोका लावू जी. तिथं माही सुमी निजून रायली."

सेक्रेटरी गावंडे साहेब माणूस भला, पण जन्म मुंबईत गेलेला. त्यांना वाटलं, नात वगैरे असेल. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, तिला घरात निजवत जा. ट्रॅकवर सायकली येतात." लोक हसले. कौसल्याबाई जशा उभ्या राहिल्या होत्या तशाच खाली बसल्या. नंतर ठराव झाला, चहा झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बरोबरीने चालू लागले आणि सुमी कोण ते विचारलं.

"माही पयली पोरगी," त्या म्हणाल्या. "नुकती चालाले लागली होती. ताप भरला. नदीले पूर होता, परतवाड्याले नेता नाई आलं."

आमच्याकडे इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. सुमीला धुऱ्यावर ठेवलं होतं. उशाशी मालकांनी निंब लावला. तो वाढला, त्याच्या सावलीत कौसल्याबाईंनी जन्मभर निंदण करून भाकरी खाल्ली. दर अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे सुमीचा घास ठेवला. पुढे सुनेच्या बाळंतपणासाठी त्या अकोल्याला गेल्या आणि तेवढ्यात इकडे बुलडोझर फिरला.

"आलो तं निंब नाई, धुरा नाई. सारं सपाट."

"मग ही जागा तुम्हाला कशी कळते?"

"नाई कयत जी," त्या म्हणाल्या. "म्हनून तं सारीकडंच चप्पल काढतो. लेकराच्या आंगावरून चप्पल घालून कशी जाऊ?"

मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसून रडले. मग गावंडे साहेबांकडे गेले. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते त्याच पावली माझ्यासोबत आले आणि हात जोडून म्हणाले, "आजी, जागा दाखवा. तेवढी आपण सोडून देऊ. वर निंबही लावू."

कौसल्याबाई उठल्या. ट्रॅकवर आल्या. डोंगराकडे पाहून अंदाज घेतला, चार पावलं पुढे गेल्या, थांबल्या, परत मागे आल्या. विहीर कुठे होती, गोठा कुठे होता, हाताने हवेत दाखवत राहिल्या. शेवटी त्या मटकन खाली बसल्या आणि मातीवर हात फिरवत म्हणाल्या, "लावा तुमी. मले नाई सापडत." कुठल्याही आईवर ही पाळी येऊ नये.

गट्टू लागले. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापत, तरी त्यांनी पायात चप्पल घातली नाही. तळपायांना फोड आले, मग गुडघ्यांनीही दगा दिला. प्रकाश त्यांना अकोल्याला न्यायला आला. जीपमध्ये बसताना त्यांनी माझा हात धरला. "मास्तरीनबाई, हळू चालत जा जी. पयू नोका. लेकरू दचकते."

पहिल्या दिवशी मला जी थट्टा वाटली होती ती थट्टा नव्हतीच.

अकोल्यातल्या तिसऱ्या मजल्यावर त्या फार काळ राहिल्या नाहीत. एका सकाळी प्रकाश दाराशी आला. डोक्याचे केस उतरवलेले, हातात फडक्याने तोंड बांधलेलं गाडगं.

"आईनं सांगितलं होतं, माही राख सुमीपाशी टाक," तो म्हणाला. "मले तं जागा माईत नाई, बाई. म्हने मास्तरीनबाईले इचार."

मला काय ठाऊक असणार? पण तसं त्याच्या तोंडावर म्हणवेना. मी चपला दारातच काढल्या. माझं पाहून त्यानेही काढल्या. आम्ही ट्रॅकवर आलो. गट्टूंमधल्या फटींत माती दिसत होती. प्रकाश वाकला, फटीत चिमूटभर राख सोडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"इथं असंन?"

"असेल," मी म्हणाले.

थोडं पुढे जाऊन तो पुन्हा वाकला.

"इथं?"

"असेल."

सायकलीवरची मुलं मागे थांबून राहिली होती. गाडगं रिकामं होईपर्यंत तो विचारत राहिला आणि मी असेल, असेल म्हणत राहिले.