दुसरी कॅसेट

नेरुळच्या आमच्या बिल्डिंगमधून तेव्हा बघायला काहीच नव्हतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगा, मधे नुसता मुरूम. त्यामुळे सोसायटीनं वर्गणी काढून रविवारी दुपारी व्हिडिओ आणायचं ठरवलं, तेव्हा माझ्यासारखी माणूसघाणी बाईसुद्धा तळमजल्यावर सेक्रेटरींच्या हॉलमध्ये जाऊन बसली. ताईलाही ओढून नेलं. ती तयारच नव्हती. "आणि हे आले म्हणजे?" म्हणाली. मी म्हटलं, "आले तर जिन्यातच दिसतील. चल मुकाट्यानं."

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्याहून आली होती, आणि आता दिवाळीचा चिवडा मऊ पडला तरी इथेच होती. भावोजींनीच तिला एसटीत बसवून दिलं होतं. थोडे दिवस बहिणीकडे राहा, मी येईन न्यायला, असं म्हणून. वीस-बावीस वर्षांचा संसार. मारहाण नाही, बाटली नाही, दुसरी बाई नाही. मी ऑफिसातून ट्रंककॉल लावून त्यांना सरळ विचारलं, झालं तरी काय? "काही झालं नाही," ते म्हणाले. "आता नको वाटतं, एवढंच." मी हे ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "कंटाळलेत. होतील बरे. तू बिनलग्नाची, तुला नाही कळायचं." झालं!

तिच्यासाठी मी लोखंडी कपाटातला मधला कप्पा रिकामा करून दिला होता. नवा कागद अंथरला, डांबराच्या गोळ्या टाकल्या. ताईनं त्यात रुमालसुद्धा ठेवला नाही. दिवाणाखाली तिची रेक्झिनची बॅग होती. रोज सकाळी त्यातून साडी काढायची आणि वाळलेली साडी घडी करून परत त्यातच ठेवायची. बॅग कायम भरलेली, चेन लावलेली. घराबाहेर पाऊल नाही. भावोजी येतील आणि दाराला कुलूप बघून परत जातील, ही तिला धास्ती. मला तिचा राग यायचा. कीवही यायची, पण राग जास्त.

तर व्हिडिओ. सेक्रेटरींनी खिडक्यांना चादरी बांधल्या, सगळ्यांना दाटीवाटीनं बसवलं आणि कॅसेट लावली. डब्यावर हिंदी मारधाडीचं चित्र, आत निघाला फ्रेंच पिक्चर. व्हिडिओवाल्याचा भाऊ आखातात होता, तो पाठवायचा त्यातली एखादी चुकून आली असणार. दुकान दुपारचं बंद. 'फ्रेंच' म्हटल्यावर पुरुषमंडळी एकदम सावरून बसली आणि पोरांना बाहेर हाकललं. अर्ध्या तासानं पोरांना परत आत घेतलं, कारण पिक्चरमध्ये तसलं काही म्हणजे काहीच नव्हतं.

होतं ते एवढंच. एक उतारवयाचं जोडपं, समुद्राजवळचं घर. दोघं जेवतात, भांडी विसळतात, आणि एकेक खोली आवरत सामानाची वाटणी करतात. दिवा तुझा, खुर्ची माझी. आवाज चढत नाही. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. ऑफिसात माझा जन्म इंग्रजी टाइप करण्यात चाललेला, म्हणून मी वाचून मराठीत सांगायला लागले. आपल्याला आता एकमेकांशी बोलायला काही उरलं नाही, असं तो नवरा म्हणाला. मी तेही सांगितलं. माझाच आवाज मला कसातरी वाटला. ताईकडे बघायचं मी टाळलं.

हॉलमध्ये मात्र सगळे हैराण. सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "अहो, पण भांडण कशावरून झालं?" सारसोळ्याची कोळीण दर रविवारी मासळी घेऊन यायची, ती पाटी बाजूला ठेवून दारातच टेकली होती. तिनं विचारलं, "बाई हाय का कोन दुसरी?" मी म्हटलं, नाही. "मंग काय येडी झाली का काय दोगं?" सगळे हसले. ताई हसली नाही.

शेवटी तो नवरा गाडीत दिवा ठेवून निघून गेला, बाईनं रिकाम्या खोलीचं दार लावलं आणि पडदा काळा झाला. सगळे बसूनच. "हां, आता दुसरी लावा," कोणीतरी म्हणालं. मोठा पिक्चर असला की दोन कॅसेटी यायच्या, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. दुसऱ्या भागात तो परत येणार, हे हॉलनं एकमतानं ठरवून टाकलं. मी म्हटलं, संपला तो. माझं कोण ऐकतंय! वर आल्यावर ताई म्हणाली, "असा अधांतरी कधी संपतो का पिक्चर? दुसरी असणार." आणि वाळलेली साडी आत ठेवून तिनं बॅगेची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर दाराला कुलूप. ताई घरात असतेच म्हणून मी किल्ली न्यायचंच सोडलं होतं. भावोजी येऊन घेऊन गेले? की हिनंच काही केलं जिवाचं? शेजारी विचारायलाही तोंड उघडेना. मी जिन्यात पर्स मांडीवर घेऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला काहीबाही कबूल केलं.

ताई आली ती चालत, चपला मुरमानं लाल झालेल्या. मी ओरडले, "कुठं गेली होतीस ग? जीव जायची वेळ आली माझा!"

"व्हिडिओवाल्याकडे," ती म्हणाली. "दुसरी कॅसेट मागायला."

"मग?"

"एकच आहे म्हणाला. त्यानं स्वतः बघितलाय. तिथंच संपतो."

तिनं कुलूप काढलं, पाय धुतले, पाणी प्यायली. मग दिवाणाखालची बॅग ओढून कपाटासमोर घेतली आणि तो कप्पा उघडला. एकेक साडी घडी नीट करून आत लावत गेली. पोलकी वेगळी, साड्या वेगळ्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले. बाहेरून ताई खेकसली.

"किती त्या डांबराच्या गोळ्या टाकल्यास ग? नाक जळतंय नुसतं. आणि ही बॅग ने आत. कांदे ठेवायला होईल."