कानावरचा खडू

सुप्याचं गाव ओलांडलं की रस्त्याकडेला एका पंक्चरवाल्याचं दुकान होतं. पंक्चर सापडलं की ट्यूबवर खडूची फुली मारायचा आणि खडू परत कानावर अडकवायचा.

तेव्हा माझ्या सायकलचा मीटर अंतर चुकीचं दाखवत होता. चाकाला फेरे मोजणारा सेन्सर लावला होता, टायरभोवती टेप गुंडाळून चाकाचा घेरही मीटरमध्ये भरला होता, तरी मीटर किलोमीटरच्या दगडांपेक्षा जास्तच दाखवायचा. हवा भरून घेताना सहज त्याला सांगितलं. त्यानं मीटरकडं पाहिलंसुद्धा नाही.

“माप घेतलं तवा सायकलवर कोन हुतं?”

“कोणी नाही. भिंतीला टेकवून घेतलं.”

“रिकामी सायकल कुटं जाती व्हय? तुमी बसल्यावर टायर दबतो. बसा.”

मी बसलो. त्यानं टायरवर आणि खाली फरशीवर रेघ ओढली, सीट धरून मला लहान मुलासारखं चाकाचे तीन फेरे पुढं नेलं आणि एक डोळा मिटून दुसरी रेघ मारली. त्या अंतराचा तिसरा हिस्सा मीटरमध्ये भरला. दगड आणि मीटर जुळले.

पुढं रस्ता रुंद झाला आणि दुकान गेलं. तो कुठं गेला, कुणालाच सांगता आलं नाही.

परवा नवा टायर टाकला. नवं माप घ्यायला खडू घेऊन अंगणात सायकलवर बसलो, तेव्हा लक्षात आलं की खाली रेघ मारायला कुणीतरी लागतं. हाक मारली असती तर घरातलं कुणीही आलं असतं. मी उतरलो. मीटरमध्ये अजून त्याचाच आकडा आहे.