दिवाळीनंतर मिळणारी गाडी

डॉक्टरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा बाबा बाहेर बाकावर बसून मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. आवाज मोठा ठेवायची त्याची सवय. दार बंद असूनही कुणीतरी हिंदीत सनरूफचं कौतुक करत असलेलं आतपर्यंत ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, "गाठ पसरलीय. औषधं चालू ठेवू. पण पुढचे तीन-चार महिने बघा, त्यापलीकडचं मी आत्ता काही बोलत नाही."

मी बाहेर आले. बाबाने विचारलं, "काय बोलला?"

"औषधं बदललीत."

"बरं," तो म्हणाला आणि फोन माझ्यापुढे धरला. "ही बघ. पांढरी. ही घ्यायची."

आमचं घर भाईंदरच्या जुन्या गावातलं. मिठागर होतं, थोडी भातशेती होती. आता दोन्ही नाही. शेवटचा तुकडा रस्त्यात गेला आणि मोबदला मिळाला, तेव्हा धाकट्या भावाने रेती-सिमेंटच्या धंद्यात पैसे घातले, माझ्या नावावर इंद्रलोक भागातला फ्लॅट झाला, आणि बाबाने स्वतःसाठी फक्त एक गोष्ट मागितली. मोठी गाडी. त्याने आयुष्यात कधी नवं वाहन घेतलं नव्हतं. सायकल, स्कूटर, टेम्पो, सगळं दुसऱ्याने वापरून सोडलेलं. वर खारी हवा, त्यामुळे पत्रा टिकायचा नाही. टेम्पोत पायाखाली गंजून भोक पडलेलं होतं. शाळेत जाताना मी आणि भाऊ त्यातून खालचा रस्ता पळताना बघायचो. बाबा म्हणायचा, पाय आत घ्या.

भावाला मी गच्चीवर नेऊन डॉक्टरांचं सांगितलं. तो चिडला. "डॉक्टर घाबरवतातच, ताई. आपण दुसऱ्याला दाखवू." दुसऱ्याला दाखवलं. तोही तेच म्हणाला, फक्त जरा गोड बोलून. त्यानंतर भाऊ या विषयावर माझ्याशी बोलेनासा झाला. बाबासमोर मात्र रोज गाडीचा विषय काढायचा, रंग कोणता, सीट कसली. दोघं मोबाईलवर डोकं घालून बसायचे.

एका रविवारी आम्ही तिघं काशीमीऱ्याला हायवेवरच्या शोरूममध्ये गेलो. बाबाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो आता अंगावर लोंबत होता. पांढरी गाडी काचेच्या दारापाशीच उभी होती. भावाने त्याला आधार देऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. बाबाने स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि मान मागे टेकली. भावाच्या छोट्या गाडीत बसताना त्याला पोट दाबून खाली वाकावं लागायचं. इथे तो सरळ बसला होता.

"कधी मिळेल?" त्याने विचारलं.

सेल्समनला मराठी कळत होतं, पण तो हिंदीतच बोलला. "सर, इस मॉडेल में वेटिंग है. दिवाली के बाद ही समझिए."

तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता. मी मनातल्या मनात महिने मोजले आणि भावाकडे पाहिलं. तो बाबाकडे बघून हसत होता. "चालेल की. दिवाळीनंतर तर दिवाळीनंतर."

मी सेल्समनला विचारलं, "इसमें कोई वापरी हुई मिलेगी?"

त्याचा चेहरा खुलला. शोरूमच्या मागच्या बाजूला त्यांचा जुन्या गाड्यांचा विभाग होता. तिथे हेच मॉडेल होतं, गडद राखाडी. मालकाने फार चालवलेलं नव्हतं. कंपनीने तपासून सर्टिफाय केलं होतं, वर वॉरंटीही होती. आठवड्याभरात घरी.

बाबा सीटवरून उतरायलाच तयार नव्हता. "लोकांच्या उतरलेल्याच चालवल्या मी जन्मभर. आता न्हाय."

"बाबा, तीच गाडी आहे. नुसता रंग वेगळा. नुसती बघ तरी."

"न्हाय बघायची."

"आठवड्यात येईल पण. दिवाळीपर्यंत कशाला थांबायचं?"

तो माझ्याकडे बघायला लागला. घरात कुठलीही खरेदी लांबवणारी मी. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा सेल लागेपर्यंत सगळ्यांना मीच थांबवलं होतं, आणि बाबाने त्यावरून मला पुष्कळ चिडवलं होतं.

"तुला कसली घाई हाय?" त्याने विचारलं.

सेल्समन हातातल्या टॅबवर बघत राहिला. भाऊ फोन कानाला लावून दाराबाहेर गेला. फोन वाजलेला नव्हता.

बाबा आवाज न चढवता म्हणाला, "दिवाळीपर्यंत न्हाय का गं मी, बाय?"

"तसं नाही बाबा," एवढंच मी म्हणू शकले.

तो स्वतःच पाय खाली टाकून उतरला, माझा हात न घेता मागच्या बाजूला चालत गेला. राखाडी गाडीचं दार उघडलं, कष्टाने वाकला आणि घराच्या किल्लीने दाराची खालची कड खरवडून पाहिली. कुठलंही वाहन घेताना तो हेच करायचा.

"गंज न्हाय," तो म्हणाला. "हीच घे."

त्याला घरी सोडल्यावर भावाने मला अंगणातच अडवलं. "तू सांगितलंस त्याला."

"मी काही नाही सांगितलं."

"मग कळलं कसं?" त्याचे डोळे भरले होते. तो आत निघून गेला.

गाडी आली. मी रजा टाकून बाबाला फिरवायला लागले. पहिल्यांदा त्याला उत्तनला जायचं होतं. तिथे त्याचा एक जुना दोस्त आहे, ख्रिस्ती कोळी. मासळी खारवायला लागणारं मीठ पूर्वी त्याच्याकडे आमच्या आगरातून जायचं. म्हातारा घरातून बाहेर आला, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली.

"नवीन हाय का रे?"

"नवीनच," बाबा म्हणाला आणि समोर बघत राहिला. माझ्याकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. दोस्ताने सुक्या बोंबलांची पिशवी डिकीत टाकली. परतताना माझ्या शेजारच्या सीटवर बसून बाबा खूप बोलला, भरतीच्या, बांध फुटल्याच्या गोष्टी. मला वाटलं, बरं झालं. निदान हे तरी मिळालं.

पण तसे दिवस थोडेच आले. एका सकाळी मी गाडी दारात लावली तर तो ओट्यावरून उठेना.

"मला न्हाय बसायचं."

"का? दुखतंय का?"

"हिच्यात बसलं की तेच आठवतं," तो म्हणाला. "तू कर तुझं काम. जा."

मी गाडी तशीच परत नेली. रस्त्यात कुठेतरी बाजूला घेऊन रडले. त्यानंतर तो त्या गाडीत बसला ते फक्त हॉस्पिटलला जाण्यापुरतं, आणि तेही मागच्या सीटवर, आडवा.

डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपले. बाबा होता. गणपती झाले, नवरात्र झालं, बाबा होता. अन्न जवळजवळ सुटलं होतं, उठणं बंद झालं होतं, पण ओळख पक्की होती. भाऊबीजेला यंदा मीच माहेरी गेले. बाबाची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली होती. ओवाळून झालं, भावाने ताटात पाकीट ठेवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "आता आली असती."

मला लगेच कळलं. "आली असती तर काय? बसला असता का त्यात?"

"बसायचं कशाला? इथून दिसली असती त्याला. दारात, हार घातलेली. नवी." त्याने बाबाच्या पायावरची चादर नीट केली. "तेवढंच पाहिजे होतं ना त्याला, ताई."

बाबाचे डोळे मिटलेले होते. तो झोपला होता की ऐकत होता, ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

तेराव्यानंतर भावाने गाडी विकायचं काढलं. मी नको म्हटलं. आता ती आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये असते आणि मी ती ऑफिसला घेऊन जाते. उत्तनची एक संध्याकाळ खरी, की न आलेली पांढरी गाडी जास्त खरी, याचा मी पुष्कळ विचार केला. कधी माझं बरोबर वाटतं, कधी भावाचं.

मागच्या रविवारी तो अचानक आला. गॅलरीतून मला दिसलं, वर यायच्या आधी तो पार्किंगमध्ये गेला, गाडीपाशी थांबला आणि मला फोन करून म्हणाला, "लॉक उघड." मी वरूनच रिमोट दाबला. तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला आणि दार लावून घेतलं. मी खाली गेले नाही. बऱ्याच वेळाने वर आला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "चहा टाक."