बिनचहाचा नियम

फोन वाजला की दीपमालाला अलीकडे आधी थकवा यायचा आणि मग रिंग ऐकू यायची. मखमलाबादच्या मळ्यात झेंडूची तोड चालली होती, फुलबाजारात जायचे क्रेट अर्धेच भरले होते, आणि कमरेला खोचलेला फोन सकाळपासून थरथरत होता. ‘विसावा’च्या ग्रुपवर भांडण पेटलं होतं. लोकांच्या मदतीला धावणारी माणसं एकमेकांना इतकं टोचून कशी बोलतात, याचं कुणाला नवल वाटत असेल, तर त्याने अजून एकही मंडळ जवळून पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं.

विसावा हे दीपमालाचंच मंडळ. काम साधं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की त्याचं करणारी बाई, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते, दावणीला बांधल्यासारखी घराला जखडली जाते. विसाव्याचं कुणीतरी ठरलेल्या दुपारी तिच्या घरी जाऊन रुग्णाजवळ बसतं आणि तेवढ्या वेळात ती बाहेर पडते. कुणी बँकेचं काम उरकते, कुणी स्वतःची तब्येत दाखवून येते, कुणी नुसतीच नदीवर जाऊन पाण्याकडे बघत बसते. कुठे गेली होतीस, असं तिला कुणी विचारायचं नाही.

हे दीपमालाला सुचलं ते पुस्तकं वाचून नव्हे. दिंडोरीच्या माहेराहून ती या मळ्यात सून म्हणून आली, फुलं तोडायला शिकली, दोन पोरं मोठी केली, आणि जरा बरे दिवस येतायत म्हणेपर्यंत सासूला, आक्काबाईंना, लकवा मारला. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला जाणं हा आपल्याकडे मोठ्या पुण्याचा आणि फुकटच्या चहाचा उद्योग आहे. ओझरची मावससासू यायची, सटाण्याची नणंद यायची, नवऱ्याचे मित्र यायचे. अमक्या तेलाने मालिश कर, तमक्या वैद्याकडे ने, आमच्या शेजारणीची सासू तर चालायला लागली. बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडला की चहा. आत आधण उकळत असायचं आणि बाहेर आक्काबाईंची चादर ओली झालेली असायची. पाहुणे उठेपर्यंत ती बदलताही यायची नाही. दोघी सासवा-सुना नजरेनेच एकमेकींची क्षमा मागायच्या. एकदा दूध संपलं म्हणून दीपमालाने कोरा चहा पुढे केला, तर त्याची बातमी सटाण्यापर्यंत पोचली.

आक्काबाई गेल्यावर तिने मंडळ काढलं तेव्हा पहिला नियम हाच केला: विसाव्याच्या माणसाने त्या घरचं काही घ्यायचं नाही. चहा नाही, नाश्ता नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आपली बाटली आपण न्यायची. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला ती ओल्या चादरीची गोष्ट सांगायची आणि ऐकणारीचे डोळे भरून यायचे. दीपमालाला या नियमाचा अभिमान होता. का नसावा? ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तिचं जळलेलं होतं.

आजचं भांडण त्याच नियमावरून होतं. कोणी कुणाच्या घरी जायचं हे तेजस्विनी ठरवायची. शिकवण्या घेणारी, नीटनेटकी, शब्दाला पक्की मुलगी. तिने ग्रुपवर लिहिलं होतं, ‘झुंबरमावशी नवसाबाईंच्या घरी चहा पितात. परवा तर जेवल्या. नियम सगळ्यांना सारखा असेल तर मावशींना मंडळातून काढावं.’ खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

दीपमालाने मळ्यातूनच झुंबरबाईला फोन लावला.

“मावशी, तुम्ही जेवलात तिथं?”

“अगं माला, भूक लागली व्हती. तिनं भाकर अन् ठेचा पुढं ठेवला, मी खाल्ला. त्यात काय एवढं?”

“नियम आहे ना आपला.”

“मंग नियम खाऊ का?”

झुंबरबाई भाजी विकून साठी ओलांडलेली विधवा. उशिरा येणार, आली की बडबडणार, आणि बडबड संपली की रुग्णाच्या आधी स्वतःच घोरायला लागणार. तिला काढलं असतं तर मंडळाचं काही अडलं नसतं. पण तिला ते सांगायला जायचं, तिने रडायचं, मग चार जणींनी तिची बाजू घ्यायची आणि चार जणींनी तेजस्विनीची, आणि दोन्हीकडच्या बायकांनी संध्याकाळी दीपमालालाच फोन करायचे. नुसत्या विचारानेच तिच्या पाठीत कळ आली. बाहेरच्या माणसांसाठी आणलेली माया मंडळाच्या आत येईपर्यंत आटूनच जायची. खरं तर तिला सगळंच सोडून द्यावंसं वाटत होतं, आणि ते मनात आल्याची लाजही वाटत होती.

“सोड की आता,” क्रेट उचलता उचलता तिचा नवरा कुंदन म्हणाला. “आई सुटली, तू कधी सुटणार?”

दीपमालाने ओंजळभर फुलं पुढच्या क्रेटमध्ये टाकली. नवसाबाईचं घर तिच्या डोक्यात घोळत होतं. झुंबरबाईच्या आधी तिथे तिघी जणी जाऊन आल्या होत्या, पहिली तेजस्विनी. प्रत्येकीला नवसाबाईने एकदाच घरात घेतलं आणि पुढच्या खेपेला दारातूनच ‘आज नको’ म्हणून परत पाठवलं. बाई कटकटी आहे, असा निकाल मंडळाने देऊन टाकला होता. शेवटी कुणीच जायला तयार होईना म्हणून झुंबरबाईला धाडलं, आणि तिला मात्र एकदाही नको म्हटलं गेलं नाही. काढायचं तर काढू, पण आधी बघून येऊ, असं ठरवून दीपमाला दुपारी स्कूटरवर झुंबरबाईला मागे बसवून पेठ रोडला नवसाबाईकडे गेली.

पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. खाटेवर नवसाबाईचा नवरा गेणू. बाजार समितीत हमाली करणारा हा माणूस, आता त्याचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. चादर स्वच्छ होती, दाढी केलेली होती. खाटेशेजारी जमिनीवर बसलेल्या नवसाबाईच्या डाव्या पायाला मात्र मोठं बँडेज होतं, आणि बँडेजचा आकार चुकत होता. अंगठ्याच्या जागी काहीच नव्हतं.

“पायाला काय झालं?” दीपमालाने विचारलं.

“शुगर हाय मला. जखम चिघळली, दवाखान्यात अंगठा काढला.” भाजीचा भाव सांगावा तसं नवसाबाईने सांगितलं. “एक दिवसाआड ड्रेसिंगला ये म्हणले व्हते. यांना टाकून कशी जाणार? नाय गेले, ही झुंबरबाई यायला लागेपर्यंत.”

“पण आम्ही माणूस पाठवत होतो ना मावशी! तुम्हीच नको म्हणालात.”

नवसाबाईने झुंबरबाईकडे बघितलं. झुंबरबाईने मान हलवली, बोल म्हणून.

“पहिल्या दिशी ती शिकलेली पोर आली,” नवसाबाई म्हणाली. “लय गोड बोलली. मी तांब्या पुढं केला तर म्हणे नको, माझी बाटली हाय. चहा टाकते म्हणलं तर हात जोडले. अन् मंग माझ्यासमोर बाटली काढून प्याली. दुसरी आली, ती बी तशीच. तिसरी बी तशीच. मी काय समजायचं?”

दीपमालाला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा स्वतःची पाण्याची बाटली तिने पाठीमागे सरकवली.

“गावाला विहिरीवर माझ्या आईला पाणी वरून ओतायचे,” नवसाबाई सांगत होती. “ती ओंजळ धरून उभी ऱ्हायची. ती कधी काय बोलली नाय, मी बी बोलले नाय. पण त्या दिशी हे बघत व्हते ना खाटंवरून. बोलता येत नाय, पण दिसतं सगळं. ती पोर गेल्यावर यांनी भिताडाकडं तोंड केलं. रातीला जेवले नाय. मंग मी ठरवलं, नकोच आपल्याला कोणी. पाय काय, बरा होईल नाय तर नाय.”

“तसं नव्हतं हो,” दीपमाला कशीबशी म्हणाली. “तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही...”

“घरात माणूस आलं अन् कोरडं गेलं. याच्याहून त्रास कोणता?”

मग नवसाबाई भिंतीला धरून उठली आणि लंगडत स्टोव्हकडे गेली. दीपमालाच्या जिभेवर आलं होतं, तुम्ही बसा, मी करते. आयुष्यभर तिला दुसऱ्याकडून हेच ऐकायचं होतं आणि कुणी म्हटलं नव्हतं. पण या घरात ते म्हणायचं नव्हतं. ती हात मांडीवर दाबून बसली. जखमी पायावरचं ते चार पावलांचं चालणं बघवत नव्हतं, तरी बघितलं. आधी पाणी आलं, ते दीपमाला सगळं प्यायली. मग चहा आला, भरपूर उकळलेला, भरपूर गोड.

“माझं चुकलं,” कप खाली ठेवत ती म्हणाली. “त्या मुलींचं नाही. नियम मी केला होता.”

जाऊ द्या, असं नवसाबाई म्हणाली नाही. “यांची कूस बदलायचीय थोड्या वेळानं,” ती म्हणाली. “एकटीनं करू नका, जड हायेत. मी जाते, रिक्षा गाठायचीय.” आणि झुंबरबाईच्या खांद्यावर हात ठेवून ती ड्रेसिंगला निघून गेली. जाताना झुंबरबाईचं तोंड चालूच होतं.

त्या गेल्या आणि लगेच तेजस्विनीचा फोन आला.

“ताई, मग काढायचं ना झुंबरमावशींना?”

दीपमालाच्या तोंडात जहरी उत्तर तयार होतं. ते तिने आवरलं, आणि अंगठ्यापासून विहिरीवरच्या ओंजळीपर्यंत सगळं सांगितलं, कमी-जास्त न करता.

“पण ताई, तुम्हीच तर सांगितलं होतं,” तेजस्विनीचा आवाज फुटला. “तुमच्या सासूबाईंचं ऐकून मी घरी जाऊन रडले होते. त्या दिवशी त्यांनी चहा विचारला ना, तेव्हा खरं तर मला हवा होता. पण मला वाटलं, नको म्हणून मी त्यांना जपतेय.”

“माहीत आहे गं.”

“मग माझी चूक आहे का? सांगा ना, ताई.”

तुझी काही चूक नाही, असं म्हटलं की फोन ठेवता आला असता. ते खरं नव्हतं, आणि सगळी चूक तिची होती हेही खरं नव्हतं. पूर्वी असं काही झालं असतं तर दीपमालाने ग्रुपवर चार ओळी टाकून ती गोष्ट मिटवली असती. आज ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला एक बरं असतं, त्याच्याने गोड बोलवत नाही.

“तू इकडे ये,” ती म्हणाली. “गेणूकाकांची कूस बदलायचीय. मला एकटीला जमायचं नाही.”

“मी? त्यांच्यासमोर? ताई, काय तोंड घेऊन येऊ?”

“आहे तेच घेऊन ये.”

फोन ठेवून ती खाटेजवळ सरकली. गेणू सगळं ऐकत होता.

“येतेय ती,” दीपमाला त्याला म्हणाली.

गेणूने डोळे मिटले. चालेल म्हणाला की नको म्हणाला, ते तिला कळलं नाही. ती दार उघडं टाकून तशीच वाट बघत बसली.