पुढच्या जागेवरचा

आबा कानामागे हात धरून उभे राहिले, की समजावं विमान येतंय. आम्हाला काही ऐकू यायच्या आधीच ते म्हणत, "उना." म्हणजे आला.

लढाईच्या दिवसांत धुळ्याबाहेर, शिंदखेड्याच्या अंगाला एक माळ सपाट केला होता. विमान शिकणारी पोरं तिथं उतरण्याचा सराव करीत. मी तिथला कारकून. आबा गवत कापत, गुरं हाकलत. म्हणायचे, "गवत मना जवाई शे. कितीबी हाकला, परत येस."

एका दुपारी एक पोरगा पहिल्यांदाच एकटा उडाला. आबांनी कान दिला. "उना," म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "पन एकला नही शे."

"एकटाच आहे, आबा. मी स्वतः नोंद केलीय."

विमान टेकलं, उसळलं, एक पंख खाली गेला आणि बघता बघता ते उलटं पडलं. आम्ही धावलो. पेट्रोल ठिबकत होतं. पोरगा मागच्या जागेवर पट्ट्याला उलटा लटकला होता. आबांनी विळा काढला तसा तो ओरडला, "आधी पुढच्यांना काढा!"

पुढची, शिकवणाऱ्याची जागा रिकामी होती. एकट्यानं उडताना ठेवतात तसा पट्टा तेवढा आवळलेला.

आबांनी पोराचा पट्टा कापला. आम्ही त्याला उचलून लांब नेलं. वळून पाहतो तर आबा पुन्हा विमानापाशी. पुढचा पट्टाही त्यांनी कापला, दोन्ही हात पुढं केले. "ये भाऊ, ये."

मी हाका मारत होतो. ते सावकाश निघाले. हात ओझ्यानं वाकलेले, चाल जड. पंचवीस-तीस पावलं आले असतील, मागं विमानानं पेट घेतला. आबांनी वळूनही पाहिलं नाही. हातांतलं जे काय होतं ते गवतावर ठेवलं आणि वर आपलं उपरणं पांघरलं.

उपरणं सपाट पडलं नाही. हे मी कोणत्याही कागदावर लिहिलं नाही.

महिन्याभरानं पोरगा गळ्यात हात बांधून आला. "आबा, कोण होते ते? सारखं सांगत होते, घाबरू नको."

"तुमना संगे व्हता ना तो? मंग माले काय इचारतस, सायेब?" आबा म्हणाले आणि गवताला लागले.

लढाई संपली, माळ बंद झाला. आबा धरणगावला लेकीकडे गेले, तिथंच वारले. पुढं एकदा त्या वाटेनं गेलो. माळावर कपाशी उभी होती. मधोमध मात्र माणूसभर लांबीची जागा पडीक. शेतकरी नवा, बाहेरगावचा. त्याला विचारलं.

"तठे बैल पाय ठेवत नही," तो म्हणाला.